मेजर मँट आणि कोल्हापूरचा नवा राजवाडा

वास्तुशिल्पी चार्ल्स मँट ह्याचे नाव निघाले की बहुधा त्याच्या वास्तूंविषयी बोलणे होत नाही; त्याच्या वेडाविषयी होते. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे आपले गणित चुकले असून ती भव्य इमारत आज ना उद्या कोसळणार, ह्या भयाने त्याचे चित्त भ्रमले आणि त्यातच त्याचा अंत झाला, ही आख्यायिका इंग्रजी ग्रंथांतून आणि मार्गदर्शकांच्या तोंडून सर्वत्र पसरलेली आहे. १८८१ मध्ये, चाळिशी नुकतीच उलटली असता, तो वारला. राजवाडा रॉबर्ट चिझम ह्याने १८९० मध्ये पुरा केला आणि तो अद्याप उभा आहे. ह्या आख्यायिकेतील करुण रस मान्य केला, तरी तिने अभ्यासाची हानी केली आहे असे आमचे मत आहे. लक्ष्मीविलास हा मँटच्या हातून अपुरा राहिलेला ग्रंथ होय. त्याची घडण पाहावयाची असेल तर कोल्हापुरास आले पाहिजे.

मँट हा रॉयल इंजिनिअर्सचा अधिकारी. मुंबई इलाख्यात त्याची उमेदवारी झाली आणि लंडन-कलकत्त्याच्या कीर्तीपासून दूर, संस्थानांच्या राजधान्यांतून त्याचे कर्तृत्व पसरले. अजमीरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत त्याचीच. तथापि त्याची दृष्टी कशी पालटत गेली हे एकाच गावात, थोड्या अंतराच्या फेरफटक्यात ताडून पाहण्याची सोय कोल्हापुराइतकी अन्यत्र नाही.

फेरफटक्याचा प्रारंभ टाउन हॉलपासून करावा. १८७२ ते १८७६ ह्या काळात बांधलेली ही इमारत गॉथिक वळणाची आहे. टोकदार कमानी, उंच उतरती छपरे आणि दर्शनी भागाचे दोन निमुळते मनोरे पाहता, एखाद्या इंग्रजी परगण्यातील सभागृह उचलून आमच्या काळ्या दगडात उतरविले आहे असे वाटते. दगड मात्र इथला, आणि तो इतका गंभीर की परक्या आकृतीलाही तो आपले वजन देतो. १९४९ पासून येथे वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंतील रोमन घडणीची समुद्रदेवाची काशाची मूर्ती ह्या विलायती छपराखाली पाहताना गंमत वाटते खरी. दूरदेशीच्या आकृती कोल्हापुरास नव्या नव्हत्या.

टाउन हॉलचे काम चालू असतानाच मँटच्या हातून अगदी निराळी अशी एक लहान रचना झाली, आणि तीही इटलीत. छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे वारले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने ह्या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि त्या जागी १८७४ मध्ये स्मारक उभे राहिले. त्यातील अर्धपुतळा फुलर ह्या शिल्पकाराचा. वरील छत्री मँटची. कोल्हापुरात गॉथिक रचणारा हा मनुष्य फ्लॉरेन्समध्ये भारतीय छत्री रचतो, ह्यातील विपर्यास ध्यानात घेण्याजोगा आहे. तरुण राजाच्या चितेवर काय शोभेल, हा प्रश्न तेथे टाळता येण्यासारखा नव्हता. आमच्या समजुतीप्रमाणे मँटच्या दृष्टीतील पालटाचा शोध प्रथम येथे घ्यावयास हवा.

नवा राजवाडा १८७७ मध्ये सुरू होऊन १८८४ मध्ये पुरा झाला. म्हणजे तोही मँटने पुरा झालेला पाहिला नाही. ज्यांच्या कारकिर्दीत तो उभारला गेला ते चौथे शिवाजी महाराजही मानसिक अस्वास्थ्याच्या कारणाने नजरकैदेत राहून २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे निवर्तले. मार्च १८८४ मध्ये दत्तक आलेल्या शाहू छत्रपतींच्या वाट्याला ही तयार वास्तू आली. राजाच्या इच्छेने नव्हे, तर राजाच्या नावाने चाललेल्या कारभाराने उभारलेला हा वाडा आहे, हे विसरून त्याचे परीक्षण करता येणार नाही.

मध्यभागी घड्याळाचा अष्टकोनी मनोरा, कोपऱ्यांवर घुमट, सर्वत्र कमानींच्या ओळी आणि बारीक कोरीव काम: ही सामग्री मुख्यतः गुजरात व राजस्थानातून आणलेली आहे. जेम्स फर्ग्युसन ह्या स्कॉटिश पंडिताचा भारतीय वास्तुकलेचा इतिहास १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदू, जैन, सारासेनिक अशा कप्प्यांत आमच्या वास्तू लावून ठेवण्याची ती रीत होती, आणि हव्या त्या कप्प्यातून हवे ते अंग उचलावे हा विचार तिच्यातून सहज निघतो. मँटच्या राजवाड्याचा गुण आणि दोष दोन्ही ह्यात आहेत. गावाच्या मध्यभागी अंबाबाईचे भक्कम पाषाणी मंदिर असता, जिल्ह्यात खिद्रापूरचा कोपेश्वर असता, आणि जुना वाडा चौकाभोवती उभा असता, मराठ्यांच्या राजवाड्यासाठी आदर्श दूरवर शोधावा लागला. वाड्याचा आत्मा चौकात असतो. मँटचा राजवाडा बाहेरून, दुरून, गाडीतून येणाऱ्या पाहुण्याने पाहावा अशा रीतीने रचला आहे.

मात्र दरबार सभागृहात पाऊल टाकताच आमचा हा आक्षेप काहीसा ढिला पडतो. दोन मजल्यांच्या उंचीचे ते दालन, भिंतींच्या कमानींत बसविलेल्या रंगीत काचा, आणि त्या काचांवर शिवछत्रपतींच्या चरित्रातील प्रसंग. रंगीत काच ही ख्रिस्ती मंदिराची कला. तेथे ती संतचरित्र सांगते. येथे तिला मराठ्यांचे चरित्र सांगावयास लावले आहे. गॉथिकातून मँट काय घेऊन आला आणि कोल्हापुरात त्याचे काय झाले, हे त्या काचांतून येणाऱ्या उजेडात जितके स्पष्ट दिसते तितके घुमटांत दिसत नाही. उसनवारीचा आरोप येथे लागू करता येत नाही, कारण उसने घेतलेल्या वस्तूचे कामच पालटले आहे.

लक्ष्मीविलासात हीच रीत अवाढव्य प्रमाणावर गेली. अंगे वाढली आणि त्यांना बांधून ठेवणारा काळ्या दगडाचा संयम तेथे नाही. दोहोंत थोरवी कोणाची हा वाद आम्ही घालीत नाही. परंतु मँटवर लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने बडोद्याची दंतकथा तूर्त बाजूस ठेवावी, आणि टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून निघून दरबार सभागृहाच्या काचांपर्यंत एकदा पायी जावे.