छापलेला गायतोंडे आणि भिंतीवरचा गायतोंडे

कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत हल्ली अमूर्त चित्रं भरपूर दिसतात. रंगसंगती नेटकी, टेक्श्चर भरघोस, मांडणी सफाईदार. तरीही एकाचं चित्र दुसऱ्याच्या नावावर खपून जावं इतकी ती सारखी वाटतात. मुलांच्या हातात कसब आहे. कमी पडतं ते पाहणं. अमूर्त चित्र त्यांना बहुतेक मोबाइलवरच भेटलेलं असतं. तिथे टेक्श्चर दिसतं, ते कशातून आलं ते दिसत नाही.

वासुदेव गायतोंडे यांचा 1970च्या दशकातला एखादा उभा कॅनव्हास घ्या. छापील पानावर ते एकरंगी धुकं वाटतं. प्रत्यक्षात तो जवळजवळ माणसाच्या उंचीचा असतो आणि समोर उभं राहिल्यावर सुरुवातीला नुसता रंगच जाणवतो. जरा बाजूला सरकून तिरकं पाहिलं की पृष्ठभाग उलगडू लागतो. रोलरने फिरवलेला पातळ रंग, नाइफने खरवडलेला थर, रंग लावलेले कागदाचे तुकडे दाबून उमटवलेले आकार. त्यांच्या काही कडा धारदार, काही विरून गेलेल्या. खालचा रंग वरच्या थरातून उजळत राहतो. रंग काढून घेणं हेही रंगवणंच आहे, हे विद्यार्थ्याला इथे डोळ्यांनी कळतं. त्याच्या कामात मग गायतोंडेंची नक्कल उतरावी असं नाही. थर वाळेपर्यंत थांबायचं, नको ते निर्धाराने पुसायचं, एवढा धीर आला तरी पुष्कळ.

अमूर्त चित्रकार अंबादास यांच्या चित्रासमोर शिकायला मिळतं ते वेगळंच. एकमेकांत गुंतत धावणाऱ्या फराट्यांतून हाताचा वेग कळतो, आणि फोटोत नेमका तोच हरवतो.

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून 1948 साली बाहेर पडलेल्या गायतोंडेंनी तरी पॉल क्ले पुस्तकांतूनच पाहिला होता ना, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण क्लेची चित्रं बहुतेक लहान आकाराची. पानावर छापताना त्यांचं फारसं बिघडत नाही. शिवाय गायतोंडे तिथेच थांबले नाहीत. 1964 साली रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाल्यावर न्यूयॉर्कमध्ये राहून त्यांनी तिथली आधुनिक चित्रं प्रत्यक्ष पाहिली.

आपल्या विद्यार्थ्यांना ही संधी कुठे आहे? गायतोंडे जन्मले नागपुरात, अंबादास अकोल्यात. पण विदर्भातल्या विद्यार्थ्याला त्यांची मूळ चित्रं पाहायची तर बहुधा मुंबई-दिल्लीच गाठावी लागते. त्यात 2021 साली गायतोंडेंचं एक चित्र लिलावात 39.98 कोटींना गेलं. अशा किमतींची चित्रं खाजगी संग्रहांत गेली की सामान्य विद्यार्थ्याच्या नजरेला क्वचितच पडतात. म्हणून सार्वजनिक दालनांची जबाबदारी वाढते. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं जहांगीर निकल्सन दालन आहे. पण तिथली प्रदर्शनं बदलत असतात आणि हवं ते चित्र त्या दिवशी भिंतीवर असेलच असं नाही. महाराष्ट्रातल्या आधुनिक अमूर्त चित्रांची निवडक मांडणी वर्षभर कायम ठेवायलाच हवी.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या कला महाविद्यालयांतील शिक्षकांना एक विनंती. सहल अजिंठा-वेरूळला जरूर न्या, पण एक दिवस मुंबईतल्या या दालनांसाठी, काळा घोड्यासाठीही राखा. निघण्याआधी फोन करून काय लावलंय ते विचारा. दहा दालनं फिरवू नका. एकाच चित्रासमोर मुलांना अर्धा तास बसू द्या, आणि तेवढा वेळ मोबाइल पिशवीत ठेवायला सांगा.