शाई कुणाची, यंत्र कुणाचे?

इथल्याच, सांडोरच्या एका चित्रकाराकडे आम्ही परवा गेलो होतो. आपल्या चित्रांच्या प्रती तो घरीच काढतो. कंपनीची शाई परवडेना म्हणून त्याने दुसऱ्याची कार्ट्रिज घातली, तर प्रिंटर अडूनच बसला. कार्ट्रिजवर चिप असते. ती ओळखीची नसेल तर यंत्र हलत नाही.

१८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही तिथलेच. पण शाई कुणाची, असे त्या दगडांनी कधी विचारले नाही.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही, हे आम्ही मान्य करतो. चित्राची प्रत विकायची तर रंग वर्षानुवर्षे टिकला पाहिजे. परकी शाई कधी नोझल तुंबवते, कधी लवकर विटते. ठीक. मग तसे बजावा ना! बजावणे वेगळे आणि हात धरणे वेगळे.

२०१७ मध्ये लेक्समार्कच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कंपनीने कार्ट्रिज एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. निकाल चांगलाच, पण तो पेटंटपुरता. प्रिंटरने परकी चिप स्वीकारलीच पाहिजे, असे त्यात कुठे आहे? कायद्याने सोडलेली वस्तू यंत्राने पुन्हा बांधली. खटला निदान उघड्यावर चालतो, दोन्ही बाजू बोलतात. इथे पडद्यावर एक ओळ उमटते आणि विषय संपतो.

आमच्या चित्रकाराने शेवटी कंपनीचीच शाई आणली. प्रतीची किंमत मात्र त्याला वाढवावी लागली.