चोचीतला अर्धा मिलिमीटर

गालापागोस म्हटले की डार्विन आणि चोचींची चार चित्रे, एवढ्यावरच पाठ्यपुस्तके थांबतात. म्हणून जोनाथन वायनर यांचे ‘द बीक ऑफ द फिंच’ (१९९४) आम्हाला मोलाचे वाटते. डॅफ्ने मेजर या लहानशा ज्वालामुखी बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या, उरली सराट्याची टणक काटेरी फळे (आपल्या माळावर पायात रुततो, त्याचाच भाऊबंद!). तगलेल्या पक्ष्यांची चोच सरासरी सुमारे अर्धा मिलिमीटर अधिक जाड भरली. १९८२-८३ च्या अतिवृष्टीनंतर बारीक बियाच माजल्या आणि लहान चोच सरस ठरली. ‘उत्क्रांती दिसते कुठे?’ या प्रश्नाला आकड्यांत उत्तर मिळते ते इथे. उत्तरार्धात लेखक बेट सोडून कीटकनाशके, प्रतिजैविके यांकडे वळतो, तिथे मात्र पकड सुटते. शिक्षकांनी आधी दुष्काळाचाच भाग वाचावा.