दगडाच्या आधीचा जब्या

‘फँड्री’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसलो होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना तुम्हाला वाटेल की हा फार संवेदनशील प्रेक्षक असणार.

फेब्रुवारी २०१४. मी नगरला अकरावीत होतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत बसलो की माझ्या तोंडून अजून ‘एक नगर द्या’ असंच निघतं.) सिनेमा १४ फेब्रुवारीला आला. अजय-अतुलचं गाणं महिनाभर सगळ्यांच्या मोबाइलवर वाजत होतं. आम्ही चौघं गेलो ते त्या गाण्यासाठी. ते गाणं सिनेमात नाहीच, हे आत बसल्यावर कळलं. शिवाय गोष्ट घडते अकोळनेरला, म्हणजे नगरपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ‘आपल्याकडचा पिच्चर’ म्हणून वेगळी उत्सुकता होती. नागराज मंजुळे नगरच्याच न्यू आर्ट्स कॉलेजात शिकले, तिथे शिकतानाच त्यांनी ‘पिस्तुल्या’ केली, हेही आम्हाला कुणीतरी अभिमानाने सांगितलं होतं.

शेवटी ते डुकरं पकडण्याचं लांबलचक दृश्य येतं. जब्याचे आईबाप, बहिणी आणि तो स्वतः शाळेच्या आजूबाजूला डुकरामागे धावतायत, आणि शाळेतली पोरं बाहेर येऊन मजा बघतायत. पडद्यावरची पोरं हसत होती. थिएटर हसत होतं. मीही हसलो. मग जब्याने दगड भिरकावला, तो सरळ आमच्या दिशेने आला आणि पडदा काळा झाला. बाहेर येऊन वडापाव खाताना एक मित्र म्हणाला, ‘तो दगड आपल्यालाच मारलाय रे.’ पुढची दहा-बारा वर्षं मराठीत ‘फँड्री’बद्दल जे लिहिलं-बोललं गेलं, त्यातलं बरंचसं या वाक्याचंच विस्तारित रूप आहे.

वाक्य खोटं नाही. पण पुढच्याच आठवड्यात आमच्या वर्गातल्या एका मुलाला ‘फँड्री’ हे टोपणनाव पडलं. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर, हे आम्हाला सिनेमानेच शिकवलं होतं. तो मुलगा होस्टेलवर राहायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, गणितात माझ्यापेक्षा चांगला होता. मी त्याला त्या नावाने कधी हाक मारली नाही. दुसऱ्यांनी मारली की हसायचो. बारावीला तो आमच्या वर्गात नव्हता. कुठे गेला, हे मी कुणाला विचारलं नाही.

म्हणजे आम्ही दगडाचा अर्थ लावला आणि तो अर्थ लावून मोकळे झालो.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरीला लागलो. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे शाळांसाठीच्या एका अॅपचं काम आलं. मुलाने रोज सकाळी अॅप उघडायचं, पाच चेहऱ्यांपैकी एक निवडायचा: खूप आनंदी, आनंदी, ठीक, उदास, खूप उदास. त्यावरून वर्गशिक्षकांच्या स्क्रीनवर लाल-हिरवा आलेख उमटणार. चेहऱ्यांची ती स्क्रीन मी लिहिली. काम चोख होतं, बटणं बोटाला नीट लागतील एवढी मोठी होती. टेस्टिंगसाठी खोटी मुलं तयार करावी लागतात, तेव्हा मी गमतीत एका मुलाचं नाव टाकलं: जांबुवंत कचरू माने. आणि अडकलो. जब्या यातला कुठला चेहरा निवडेल? समजा निवडला खरा, तर तो बघणार कोण?

त्या रात्री सिनेमा परत पाहिला. या वेळी दगडाची वाट न बघता.

असा पाहिला की ‘फँड्री’ हा पावणेदोन तास एका पोराच्या आत लाज कशी साठत जाते याचा हिशेब आहे. रागाचा नव्हे, लाजेचा. राग फक्त शेवटची काही मिनिटं आहे. त्याआधी जब्या जवळपास प्रत्येक दृश्यात स्वतःला लपवतोय. शालूला आपण दिसावं म्हणून धडपडतोय आणि आपले आईबाप, आपलं घर, आपलं काम तिला दिसू नये म्हणून दुप्पट धडपडतोय. तेरा-चौदाच्या वयात आपण सगळेच हे थोडंफार करतो. वडिलांची जुनी लूना शाळेच्या गेटपासून लांब थांबवायला मीही सांगितलेलं आहे. फरक एवढाच, की माझी लाज माझ्या डोक्यात होती. जब्याची लाज गावाने ठरवून दिलेली आहे, आणि ती रोज कुणीतरी त्याच्या हातात आणून देतं.

जत्रेचं दृश्य बघा. नव्या उमेदीने जब्या मिरवणुकीत नाचतोय. क्षणभर तो गर्दीतला कुणीही एक पोरगा आहे. तेवढ्यात बाप हाक मारतो आणि त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती देतो. ज्या उजेडात बाकीचे नाचतायत, तो उजेड डोक्यावर धरून आता त्याने चालायचं. कुणी त्याला मारत नाही, शिवी देत नाही. गावाच्या लेखी काही घडलेलंच नाही. आमच्या अॅपमध्ये याला ‘घटना’ म्हणून नोंदवायची सोयच नव्हती. छळ, मारामारी, परीक्षेचा ताण, घरगुती भांडण असे रकाने होते. ‘नाचत होतो, बत्ती धरायला लावली’ हे कुठल्या रकान्यात टाकणार?

सोमनाथ अवघडेला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कार बहुतेकांना शेवटच्या आक्रोशासाठी मिळालाय असं वाटतं. माझ्या मते तो या बत्तीखालच्या चेहऱ्यासाठी आहे. पोरगा रडत नाही. त्याचा चेहरा नुसता बंद होतो. शटर ओढल्यासारखा.

आता जब्याच्या आजूबाजूची मोठी माणसं. बाप कचरू (किशोर कदम) त्याला मारतो. खलनायक म्हणून त्याला निकालात काढता आलं असतं, पण मंजुळे ते करत नाहीत. कचरूच्या डोक्यावर मुलीच्या लग्नाचा खर्च आहे, आणि गावाला नाही म्हणायची त्याची परिस्थिती नाही. पोराने कामाला नकार दिला तर त्याची किंमत सगळ्या घराला मोजावी लागेल, हे त्याला आयुष्यभराच्या अनुभवातून माहीत आहे. तो पोराला मारतो तेव्हा त्यात रागापेक्षा भीती जास्त आहे. मुलांच्या मनाबद्दलच्या कार्यशाळांमध्ये पालकांना सांगतात, मुलाशी मोकळेपणाने बोला, त्याच्या भावना मान्य करा. खरंय. पण कचरूने जब्याची लाज मान्य करायची म्हणजे आधी स्वतःची मान्य करायची, आणि तिच्याकडे बघितलं तर उद्या डुकरं कशी पकडणार?

शाळा आहे. वर्गात चोखामेळ्याचा अभंग शिकवला जातो, आणि जब्या तिथेच बसलेला असतो. मास्तर वाईट नाहीत. ते शिकवतात, मुलं म्हणतात, तास संपतो. अभंगातला माणूस आणि समोरच्या बाकावरचा मुलगा यांच्यातलं अंतर वर्गात कुणाच्याच लक्षात येत नाही. पुढे डुक्कर जवळजवळ हातात आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. त्याला बघून घरचेही थांबतात. डुक्कर निघून जातं. या दृश्यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत, राष्ट्र आणि जात वगैरे. मला मात्र दरवेळी साधी गोष्ट दिसते: शाळेने शिकवलेलं या मुलाने किती मनापासून घेतलंय! तो चांगला विद्यार्थी आहे. हे आत उभ्या असलेल्यांपैकी कुणाला माहीत आहे?

इथे ‘तारे जमीं पर’ आठवल्याशिवाय राहत नाही. २००७ सालचा तो सिनेमा आमच्या पिढीने शाळेत रांगेने नेऊन पाहिला. त्यात ईशानला वाचता येत नाही, सगळे त्याला आळशी समजतात, मग निकुंभ सर येतात आणि ओळखतात. मला तो आवडतो, अजूनही रडवतो. पण त्याने आपल्याला एक सवय लावली. मुलाच्या मनाचं दुखणं म्हणजे मुलाच्या आतलं काहीतरी, आणि त्यावर उपाय म्हणजे एक चांगला सर. ‘फँड्री’त निकुंभ सर येत नाहीत. आले असते तरी त्यांनी जब्याच्या आत काय शोधलं असतं? जब्यात बिघाड नाहीच.

येतो तो चंक्या. सायकलचं दुकान चालवणारा, गावाने अर्धवट ठरवलेला माणूस. ही भूमिका मंजुळेंनी स्वतःकडे ठेवली. अख्ख्या सिनेमातला एकमेव मायाळू मोठा माणूस दिग्दर्शकाने स्वतःच व्हावं, यावर मी मित्रांमध्ये थोडी थट्टा केली आहे. पण चंक्या नीट बघण्यासारखा आहे. काळी चिमणी मारून तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल, हे जब्याच्या डोक्यात भरवणारा तोच. शुद्ध अंधश्रद्धा. कुठल्याही समुपदेशकाने कपाळावर हात मारावा असा सल्ला. तरीही सबंध गावात एकट्या चंक्याला जब्याची इच्छा हास्यास्पद वाटत नाही. तुला ती मुलगी आवडते? बरं, मग बघू काय करता येईल. अॅपच्या कामात आम्हाला सल्ला द्यायला एक समुपदेशक यायच्या. त्यांचं पहिलं सांगणं हेच होतं, की उपाय नंतर, आधी त्याचं म्हणणं खरं माना. चंक्याचा उपाय खोटा आहे आणि ऐकणं खरं आहे. जब्या गलोल घेऊन माळरानात त्या चिमणीमागे जेवढा वेळ फिरतो, तेवढाच वेळ तो या सिनेमात मोकळा दिसतो.

सिनेमाबद्दल एक तक्रार मात्र आहे, आणि दर वेळी ती वाढतेच. शालू. ती फक्त दिसते. तिला काय वाटतं, जब्या आपल्याकडे बघतो हे तिला कळलंय का, त्या शेवटच्या दिवशी सगळ्यांबरोबर हसताना तिच्या मनात काय होतं, यातलं काहीच सिनेमा विचारत नाही. जब्याच्या नजरेतून गोष्ट सांगितलीय, मान्य. पण सासर सोडून घरी आलेली त्याची बहीण? शेवटी तिच्यावरून शेरे मारले जातात आणि तिथे जब्याचा बांध फुटतो. तिच्या अपमानाचा उपयोग भावाचा राग पेटवायला होतो आणि ती मागे राहते. मुलाच्या मनाची इतकी बारीक नोंद ठेवणारा सिनेमा मुलींच्या मनाजवळ येऊन थांबतो, हे खटकतं.

आता आकड्यांचं थोडं. ‘फँड्री’ यायच्या महिनाभर आधी, ७ जानेवारी २०१४ला, केंद्र सरकारने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला आणि किशोरांचं मानसिक आरोग्य पहिल्यांदाच ठळकपणे त्यात आलं. पुढे निम्हान्सने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. आकडा महत्त्वाचा आहे, त्यामुळेच धोरणं हलतात. पण जब्या या ७.३ मध्ये धरला जाईल असं मला वाटत नाही. त्याला भूक लागते, झोप लागते, मित्र आहे, स्वप्नं आहेत, जीन्स घेण्यासाठी तो उन्हात सायकलवरून पेप्सीच्या कांड्या विकतो. ती सायकल ट्रकखाली जाते तेव्हा तो रडतो. निदान होण्यासारखं काही नाही.

आणि प्रकरण फक्त मनाचं राहत नाही. सिनेमा आल्यावर अडीच महिन्यांनी, २८ एप्रिल २०१४ला, आमच्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारून टाकण्यात आलं. सवर्ण मुलीशी बोलतो, हे कारण सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०१७मध्ये नगरच्या न्यायालयातून आरोपी सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. एप्रिलमध्ये बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर कुणीतरी ‘फँड्री पार्ट टू’ लिहिलं होतं. मी त्यावर काही लिहिलं नाही. त्या मुलाचं वय आणि आमचं वय जवळपास एकच होतं.

अॅप एका शाळेत सुरू झालं. तीन-चार महिन्यांनी आकडे पाहिले तर नव्वदच्या वर मुलं रोज ‘आनंदी’ निवडत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग कळलं, की ‘उदास’ निवडलं की वर्गशिक्षिका सगळ्यांसमोर उभं करून ‘काय झालं रे?’ विचारायच्या. त्यांचा हेतू चांगलाच होता. मुलांनी आठवड्याभरात धडा घेतला होता.

गेल्या दिवाळीत नगरला गेलो तेव्हा मावशीच्या मुलाला ‘फँड्री’ दाखवला. नववीत आहे. मोबाइलवर, गादीवर पालथं पडून बघत होता. डुकराच्या पाठलागाला हसतो का, याकडे माझं लक्ष होतं. हसला. दोनदा. मी काही बोललो नाही. दगड आला, स्क्रीन काळी झाली, नावं सुरू झाली, तरी त्याने मोबाइल खाली ठेवला नाही.

‘दादा, दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला असेल का?’

मी म्हटलं, माहीत नाही, सिनेमा तिथेच संपतो.

‘पण शाळेत तर सगळ्यांनी पाहिलं होतं ना,’ तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, ‘आमच्या वर्गात पण एक जण येत नाहीये. दसऱ्यापासून.’

मी त्याला त्या मुलाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं, आणि घर कुठे आहे तेही त्याला माहीत होतं.