विद्यार्थी समाधान सर्वेक्षण : एक चिकित्सा

नॅकने २०१७ च्या सुधारित मूल्यांकन आराखड्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षणास स्थान दिले. वीस वस्तुनिष्ठ प्रश्न, एक मुक्तोत्तरी प्रश्न आणि शून्य ते चार अशी गुणश्रेणी, असे त्याचे स्वरूप. विद्यार्थ्याच्या मतास गुणांकनात वाटा मिळाला, ही बाब स्वागतार्हच होय. तथापि प्रश्नावली बारकाईने वाचली असता एक उणीव जाणवते. अभ्यासक्रम किती टक्के शिकविला गेला, शिक्षकांची पूर्वतयारी कशी होती, अंतर्गत मूल्यमापन निःपक्षपाती होते काय, असे तिचे प्रश्न आहेत. म्हणजे मोजमाप होते ते शिक्षक व संस्था यांच्या वर्तनाचे. शिकताना विद्यार्थ्यास काय वाटले, हे विचारलेच जात नाही.

राइनहार्ड पेक्रुन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली संपादन-भावना प्रश्नावली येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते. तीत वर्ग, अभ्यास व परीक्षा या तीन प्रसंगांविषयी २३२ विधाने आहेत. आनंद, आशा, अभिमान, राग, चिंता, लज्जा, हताशा आणि कंटाळा यांचा तीत पृथक विचार होतो. परीक्षेच्या संदर्भात मात्र कंटाळ्याची जागा सुटकेची भावना घेते. (इतकी विधाने एका बैठकीत भरावयास दिल्यास कंटाळा निराळा मोजण्याची गरज उरणार नाही, हा भाग वेगळा.)

मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीतून विज्ञान शिकणारी विद्यार्थिनी अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे प्रामाणिकपणे नोंदवील, शिक्षकांनाही चांगले गुण देईल. परंतु भाषेच्या संकोचामुळे तिने वर्षभर एकही शंका विचारली नसेल, तर ते कोणत्या रकान्यात येणार? शिवाय ‘लाज’, ‘शरम’, ‘संकोच’ व ‘भीड’ या छटा एकाच परकीय संज्ञेत मावत नाहीत; त्यामुळे पेक्रुन यांच्या साधनाचे केवळ भाषांतर करून भागणार नाही. ‘समाधान’ हा शब्दही निरुपद्रवी नाही. संतसाहित्याच्या संस्कारामुळे तो आपल्याकडे सद्गुणवाचक आहे. असमाधान नोंदविणे अनेकांना कृतघ्नपणाचे वाटते.

गुणांची श्रेणीशी सांगड घातली की उत्तर देणाऱ्याचे हितसंबंधही गुंततात, कारण महाविद्यालयाची श्रेणी घसरल्यास त्याच्याच पदवीचे मोल कमी होण्याची भीती असते. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षणाची सांगड शुल्कवाढीशी घातली जात असल्याच्या निषेधार्थ २०१७ मध्ये विद्यार्थी संघटनांनी त्यावर बहिष्कार घातला. पुढे २०२३ मध्ये इंग्लंडपुरता एकूण समाधानाचा प्रश्नच वगळण्यात आला.

नॅकच्या प्रश्नावलीत खरी शक्यता दिसते ती एकविसाव्या प्रश्नात. तो तीन निरीक्षणे अथवा सूचना मागतो. ही उत्तरे मराठीतून लिहिण्यास उत्तेजन द्यावे आणि नावे वगळून ती विभागीय बैठकीत वाचली जावीत, एवढे कोणत्याही महाविद्यालयास नव्या साधनाची वाट न पाहता करता येईल.