पोटाखालचा पत्रा

ग्राम्फूहून चंद्रा नदीच्या काठाने बातलकडे आणि पुढे स्पितीत जाणाऱ्या वाटेवर रस्ता हे नाव पुष्कळदा गोट्यांनाच मिळालेले असते. त्या वाटेवरची रॉयल एन्फिल्ड हिमालयन पाहताना आपली नजर साहजिकच तिच्या उंच टाकीवर, २१ इंची पुढच्या चाकावर रेंगाळते. रसिकाने मात्र गुडघे टेकून इंजिनाच्या पोटाखाली पाहावे. तिथे धातूचा एक पत्रा वाकून बसलेला असतो, ज्याला स्वार बॅश प्लेट म्हणतात.

२०१६ साली आलेल्या हिमालयनचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. ऐकायला पुष्कळ, पण पुढचे चाक धोंड्यावरून उतरले की ही सारी उंची क्षणात संपते, आणि ओतीव ॲल्युमिनियमची इंजिन केस तडकली तर तेलासोबत प्रवासही वाहून जातो. म्हणून या पत्र्याचा पुढचा काठ कसा वर वळवला आहे ते पाहावे: सरळ काठ दगडाला भिडला असता, हा वळलेला काठ मात्र धडकेचीच घसरण करून टाकतो आणि गाडी दगडावरून सरकत पुढे जाते. पत्रा आणि इंजिन यांमध्ये थोडी जागा मुद्दाम रिकामी असते, कारण पत्र्याला पोचा पडावा पण तो आतपर्यंत पोहोचू नये. तळाची भोकेही निरर्थक नव्हेत. त्यांतून चिखल गळतो, पाणी निथळते, वारा खेळतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी धाव जशी स्वतः झिजून लाकूड राखते, तसाच हा पत्रा. जाड प्लास्टिकची प्लेट अधिक गुळगुळीत सरकते आणि आवाजही कमी करते, हे खरे; तरी माझे मन धातूकडेच झुकते, कारण स्वाराची वाट कुठे चुकली ते त्याच्यावरच्या ओरखड्यांत आपल्याला सावकाश वाचता येते.

२०२३ अखेरीच्या नव्या हिमालयनने पाण्याने थंड होणारे इंजिन आणले आणि रेडिएटर नावाचा एक नाजूक अवयव दगडांपुढे उभा राहिला. त्याच्यापुढच्या संरक्षक जाळीची वीण बारीक असली तर चिखलाने श्वास कोंडतो, विरळ असली तर खडा आत शिरतो. मधले प्रमाण साधणाऱ्या कारागिराला दाद द्यावीशी वाटते. उलट, गाडीभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजराच उभारणाऱ्यांचा उत्साह मला फारसा रुचत नाही. वजन वाढते, आणि जड गाडी पडतेही जोरात.

हँडगार्डचेही तसेच. नुसते प्लास्टिक वारा आणि काटेकुटे अडवते. आत दोन्ही टोकांना हँडलबारशी आवळलेली ॲल्युमिनियमची कमान असेल तरच ते पडण्याचा भार पेलते. पण सर्वांत गोड युक्ती अशी, की ती विकतही घ्यावी लागत नाही. क्लच लिव्हरचा क्लॅम्प जाणते स्वार पुरता आवळतच नाहीत. जोर लावला तर हाताने फिरेल इतकाच ठेवतात, आणि त्याच्याखाली नळकामातली पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. अंगातला ताठा असा थोडा काढून घेतला, की गाडी खडकावर आडवी झाल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी गर्रकन फिरतो; स्वार गाडी उभी करतो, तळहाताने लिव्हर जागेवर ढकलतो आणि क्लच दाबून पहिला गिअर टाकतो.