प्रबोधनकालीन वेदीचित्रे

ख्रिस्ती चर्चमधील वेदीवर प्रतिष्ठापनेसाठी रंगविलेली धार्मिक चित्रे. पंधराव्या शतकातील इटलीत ही चित्रे उपासनेची साधने होती. त्याचबरोबर दानधर्म, कुलप्रतिष्ठा व नगराभिमान यांचीही ती वाहक ठरली. व्यावसायिकांच्या श्रेणी, धार्मिक बंधुसंघ व धनिक कुटुंबे ती लेखी कराराने करवून घेत. विषय, मोबदला, मुदत आणि रंगद्रव्यांचा दर्जा या बाबी करारात नमूद केल्या जात.

यांतील सामाजिक आशयाचे लक्षणीय उदाहरण म्हणजे दोमेनीको गिरलांदायो याचे मागी राजांचे वंदन (१४८८) हे चित्र. फ्लॉरेन्समधील रेशीम-व्यावसायिकांच्या श्रेणीने चालविलेल्या, टाकून दिलेल्या बालकांच्या संगोपनगृहासाठी ते रंगविले गेले. १४८५ च्या करारानुसार ११५ फ्लोरिन मोबदला व ३० महिन्यांची मुदत ठरली. निळा रंग औंसाला सु. ४ फ्लोरिन किंमतीचा असावा, अशीही अट होती.

बालख्रिस्ताला वंदन करणाऱ्या राजांबरोबरच अग्रभागी दोन लहान मुले गुडघे टेकून बसलेली दिसतात. त्यांच्या अंगावर जखमा असून मस्तकांभोवती प्रभावलये आहेत. पार्श्वभूमीवर हेरोद राजाने घडविलेले बालहत्याकांड आहे. या हत्याकांडातील ‘निष्पाप’ बालकांचेच नाव संस्थेला दिलेले होते. अशा रीतीने समाजाने नाकारलेल्या मुलाला हुतात्म्याची प्रतिष्ठा लाभते व ते थेट देवमातेच्या सन्निध येते. पारंपरिक विषयाला स्थानिक जीवनाशी जोडण्याचे हे कौशल्य चित्राच्या सुबक रचनेपेक्षा अधिक मोलाचे आहे.

मात्र याच चित्रात समकालीन प्रतिष्ठितांची व्यक्तिचित्रेही आहेत. बालकांची व्यथा दात्यांच्या पुण्याचे निमित्त बनते. संस्थेतील बालमृत्यूंचे प्रमाण मोठे असताना मौल्यवान रंगांवर झालेला खर्च आजच्या प्रेक्षकाला विसंगत वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तत्कालीन धारणेनुसार वेदीचे वैभव आणि अनाथांची सेवा ही एकाच भक्तीची दोन अंगे होती. संतांना परिचित नागरिकांचे चेहरे देण्याच्या प्रथेवर सव्होनारोला (१४५२–९८) या धर्मोपदेशकाने पुढे कठोर टीका केली. १५६३ मध्ये ट्रेंट धर्मपरिषदेने धार्मिक प्रतिमांवर बिशपांची देखरेख आवश्यक ठरविली.

भक्ती व आत्मप्रदर्शन यांचे हे मिश्रण वेदीचित्रांची मर्यादा आहे, तसेच त्यांचे सामर्थ्यही. गिरलांदायोच्या चित्रात दाते कडेला उभे आहेत, जखमी मुले पुढे आहेत. या क्रमातच त्याचा नैतिक आशय सामावलेला आहे.